बॉनेटखालचा वाद

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेत डेट्रॉईट शहरातून वायव्येकडे वुडवर्ड अव्हेन्यू नावाचा एक रुंद रस्ता जातो. १९९५ पासून ऑगस्टमधल्या एका शनिवारी या रस्त्यावर जुन्या मोटारींची जत्रा भरत आली आहे. जत्राच म्हणायला हवे. लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात, संथपणे फेऱ्या मारतात आणि बाकीचे कडेला खुर्च्या टाकून बघत बसतात. त्या परिसरात मोटार कंपन्यांत काम करणारी मराठी मंडळी बरीच आहेत. तुमच्यापैकी कुणाचा भाचा-पुतण्या तिकडे असेल, तर त्याला या जत्रेबद्दल जरूर विचारा.

रस्त्याकडेच्या एखाद्या वाहनतळावर गाडीचे बॉनेट उघडलेले असते आणि भोवती पाच-सहा जण कमरेवर हात ठेवून उभे असतात. समजा, गाडी १९६९ची शेव्हरोले कॅमॅरो आहे. पत्रा, आकार, रंग सगळे त्या काळचे. पण आत इंजिन आहे नवे, संगणकावर चालणारे. चाकांत मोठे डिस्क ब्रेक, गिअर चाराऐवजी सहा. एक जण म्हणतो, ‘‘वा, काय पळत असेल!’’ दुसरा मान हलवतो, ‘‘वाटोळं केलंत हो चांगल्या गाडीचं.’’ आणि तिसरा हळूच विचारतो, ‘‘किती येतील हिचे?’’

श्रोतेहो, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. वाद घालणारे त्यांची सरमिसळ करतात, म्हणून वाद मिटत नाही.

आधी या गाड्या कोणत्या ते पाहू. तिकडे त्यांना ‘मसल कार’ म्हणतात. आपण पहिलवानी मोटार म्हणू. मध्यम आकाराची, मध्यमवर्गीय तरुणाला परवडणारी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवायचे, ही कल्पना. तिची सुरुवात बहुतेक जण १९६४च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून मानतात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. पाँटिअ‍ॅकचे अभियंते जॉन डीलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. नवी गाडी न काढता जुन्याच गाडीवर घेण्याजोगा एक जादा ‘पर्याय’ म्हणून त्यांनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन देऊ केले. पहिल्याच वर्षी अशा ३२ हजारांवर गाड्या खपल्या. मग नियम कोण आठवतो!

पुढची गोष्ट तर फारच मजेची आहे. मार्च १९६४च्या ‘कार अँड ड्रायव्हर’ या मासिकात या गाडीच्या चाचणीचे निकाल आले. थांबलेल्या गाडीने ताशी ६० मैलांचा, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरचा वेग गाठला तो ४.६ सेकंदांत! त्या काळी ही अफाट गोष्ट होती. त्या आकड्याने गाडीचे नाव घरोघरी पोचवले. पुढे अनेक वर्षांनी पाँटिअ‍ॅकच्या जाहिरातीचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी कबूल केले, की चाचणीला दिलेल्या गाडीत ३८९चे इंजिनच नव्हते. तिथे गुपचूप ४२१ घनइंचांचे इंजिन बसवले होते. म्हणजे ‘मूळ गाडी किती पळायची’ याचा जो पुरावा वर्षानुवर्षे दिला गेला, तो बदल केलेल्या गाडीचा होता. ‘मूळ ते मूळ’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, असे मला वाटते.

आकड्यांचा घोळ इथेच संपत नाही. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या अश्वशक्ती मोजताना इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या घोडीवर ठेवत. हवेची गाळणी नाही, गाडीतला खरा सायलेन्सर नाही, इंजिनावर बसणारा बाकीचा बोजा नाही. पहिलवानाने अंगरखा उतरवून वजन करून घ्यावे तसा प्रकार. १९७२च्या गाड्यांपासून इंजिन गाडीत जसे बसते तसेच, सर्व जोडण्यांसह मोजायची पद्धत आली. १९७१ साली जनरल मोटर्सने दोन्ही आकडे छापले होते. त्या वर्षीच्या कॅमॅरो झेड-२८चे इंजिन जुन्या मापाने ३३० अश्वशक्तीचे, तर नव्या मापाने २७५चे. इंजिन तेच, फक्त तराजू बदलला. उलट, काही इंजिनांची ताकद कंपन्या मुद्दाम कमी सांगत. विम्याचे हप्ते आणि शर्यतींतले गट त्यावर ठरत. त्यामुळे ‘माझ्या जुन्या गाडीत इतके घोडे आहेत’ असे कुणी म्हणाले, की कोणत्या तराजूचे ते आधी विचारावे.

आता नव्या इंजिनाकडे वळू. १९६९च्या कॅमॅरो एसएसमधले ३५० घनइंचांचे इंजिन जुन्या, सढळ मापाने ३०० अश्वशक्तीचे होते. १९९७ साली शेव्हरोलेने कॉर्व्हेट गाडीत जवळपास तेवढ्याच आकाराचे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन आणले. ते नव्या, काटेकोर मापाने ३४५ अश्वशक्तीचे. वजनाला हलके, थंडीत पहिल्या झटक्यात सुरू होणारे, कार्ब्युरेटरची कटकट नसलेले. अपघातात गेलेल्या गाड्यांमधून असली इंजिने भंगारवाल्यांकडे मिळू लागली आणि जुन्या गाड्यांत ती बसवण्याची लाटच आली.

पण नुसते इंजिन बदलून भागत नाही. १९६९च्या साध्या कॅमॅरोला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. पुढचे डिस्क हवे असतील तर जादा पैसे. उतारावर दोन-चार वेळा जोरात ब्रेक दाबले की ड्रम तापतो आणि पकड सुटू लागते. मागे पाटे, अरुंद टायर, स्टीअरिंगला बरीच ढिलाई. अशा गाडीत दुप्पट ताकदीचे इंजिन घालणे म्हणजे घोडा बदलून लगाम जुनाच ठेवणे. म्हणून जाणता मेकॅनिक आधी ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन सुधारतो, मग इंजिनाला हात लावतो. अशी सर्वांगाने सुधारलेली गाडी वळणावर, पावसात, लांबच्या प्रवासात जुन्या गाडीपेक्षा चांगलीच चालते. ‘पळते कशी’ या प्रश्नाचा निकाल एवढ्यावर लागतो, त्यात मला तरी शंका नाही.

अडते ते किमतीपाशी. आजीच्या पैठणीचा पदर विरला म्हणून नवा लावला, तर साडी नेसायला बरी होते. पण ती ‘आजीची पैठणी’ किती राहिली, यावर घरात दोन मते होतात. संग्राहकांच्या बाजारात या दोन मतांना डॉलरमध्ये मोल आहे. गाडीत कारखान्यातून निघतानाचेच इंजिन असले, त्यावर ठोकलेला क्रमांक चासीच्या क्रमांकाशी जुळला, तर ती ‘जुळत्या क्रमांकांची’ गाडी. तिची किंमत वेगळीच असते.

आणि जिथे क्रमांकाला पैसा, तिथे लबाडीही आली. १९६९च्या कॅमॅरोच्या चासी क्रमांकावरून एवढेच कळते, की ती सहा सिलिंडरची होती की आठ. ती साधी होती की दुर्मिळ एसएस किंवा झेड-२८, हे त्यातून समजत नाही. म्हणून साध्या गाडीला चिन्हे आणि पट्टे लावून ‘एसएस’ करणारे निघाले. इंजिनावरचा जुना क्रमांक घासून नवा ठोकणारेही निघाले. मग पारखी लोक भिंग घेऊन त्या जागेवरच्या बारीक रेघा तपासतात. कारखान्यातल्या यंत्राने उठलेल्या त्या रेघा घासल्यावर नाहीशा होतात. कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला, जुळणीच्या वेळचा तेलकट कागद सापडतो. त्यावर गाडीत काय काय बसवले ते लिहिलेले असते. असा चुरगळलेला कागद कधी कधी नव्या रंगकामापेक्षा जास्त पैसे मिळवून देतो.

दुर्मिळपणाचे टोक म्हणजे १९६९ची कॅमॅरो झेडएल-१. अ‍ॅल्युमिनियमचे ४२७ घनइंचांचे शर्यतीचे इंजिन घातलेल्या अशा फक्त ६९ गाड्या झाल्या. त्या इंजिनाचीच किंमत चार हजार डॉलरच्या वर, म्हणजे सबंध साध्या कॅमॅरोहून जास्त. गिऱ्हाईक मिळेना. कित्येक गाड्या विक्रेत्यांच्या दारात पडून राहिल्या. आज त्या कोट्यधीशांच्या संग्रहात आहेत. अशा गाडीत कुणी नवे इंजिन घालू म्हणाला, तर मीही त्याचा हात धरेन.

पण १९६९ साली कॅमॅरो बनल्या दोन लाख त्रेचाळीस हजारांवर. बहुतेक साध्याच. त्यांची मूळ इंजिने कधीच भंगारात गेली, पत्रे गंजले. अशा गाडीचे ‘मूळपण’ राखायचे म्हणजे नेमके काय राखायचे? इथे बदलाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मला पटत नाही. शिवाय बदलाची परंपरा या गाड्यांइतकीच जुनी आहे. कॅरोल शेल्बी यांनी १९६५ साली फोर्ड मस्टँगच्या २७१ अश्वशक्तीच्या इंजिनातून ३०६ अश्वशक्ती काढली, आणि त्यांची जीटी-३५० आज साध्या मस्टँगपेक्षा कितीतरी महाग आहे. पेनसिल्व्हेनियातले विक्रेते डॉन येन्को तर नव्या कॅमॅरोतले इंजिन आपल्याच दुकानात काढून ४२७चे बसवून देत. त्या गाड्यांनाही आज मोठा मान आहे. बदल कुणी केला, कधी केला आणि त्याचा कागद आहे का, यावर त्याची ‘मोडतोड’ होते की ‘इतिहास’ होतो ते ठरते.

याचे नामी उदाहरण म्हणजे ‘बुलिट’ या १९६८च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली हिरवी मस्टँग. चित्रीकरणासाठी तिच्यात बरेच फेरफार झाले होते. १९७४ साली एका कुटुंबाने ती काही हजार डॉलरला विकत घेतली. घरातली शिक्षिका तीच गाडी घेऊन शाळेत जाई! १९७७ साली खुद्द मॅक्वीन यांनी पत्र लिहून ती परत मागितली, तरी कुटुंबाने दिली नाही. जानेवारी २०२०मध्ये ती लिलावात गेली, तेव्हा रंग उडालेला, जागोजागी गंज. दलालीसह ३७ लाख ४० हजार डॉलर आले. तिला कुणी चकचकीत करून आणली असती, तर त्यातले किती आले असते?

सामान्य मालकाला मात्र ही उदाहरणे फसवतात. तो गॅरेजात चार-पाच वर्षे घालवतो, पावत्यांची फाईल जाड होते आणि त्याला वाटते, एवढी तर किंमत यायलाच हवी. ती सहसा येत नाही. नवे इंजिन, नव्या गाद्या, नवे चाक ही त्याची आवड असते. घेणाऱ्याची वेगळी असते. वायरिंग कुणी केले, वेल्डिंग कसे झाले, हेही घेणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तो हात आखडता घेतो. गेल्या काही वर्षांत नामांकित कार्यशाळांनी बांधलेल्या सुधारित गाड्या मोठ्या लिलावांत साध्या मूळ गाड्यांना मागे टाकू लागल्या आहेत, हे खरे. पण तिथे गिऱ्हाईक त्या कार्यशाळेच्या नावाला पैसे मोजते. घरगुती कामाला तो भाव कसा मिळणार?

हा प्रश्न आता अनेक घरांत येऊन ठेपला आहे. १९६९ साली विशीत असताना ज्यांनी या गाड्या घेतल्या, ते पंचाहत्तरी ओलांडत आहेत. वडिलांची गाडी मुलांकडे येते. मुलाला ती चालवायची असते, पण ड्रम ब्रेकच्या गाडीत आपल्या मुलांना बसवून महामार्गावर न्यायला तो धजत नाही. विकावी, तर वडिलांनी बदललेल्या इंजिनामुळे भाव पडलेला. किंवा उलटे होते. गाडी जशीच्या तशी असते, तिचे मोल घरात कुणाला ठाऊक नसते आणि हौसेपोटी कुणीतरी मूळ इंजिन भंगारात देऊन बसतो.

आपल्याकडे कायद्याने या वादाला बराच लगाम घातला आहे. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची खास नोंदणी मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. आणि मिळाली तरी ते वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. अमेरिकेत मालकाला बरीच मोकळीक आहे. कॅलिफोर्नियासारखे धुराबाबत कडक राज्यही १९७५ आणि त्याआधीच्या मोटारींना नियमित धूर-तपासणीतून सूट देते. त्यामुळे काय करायचे, हे तिथे मालकानेच ठरवायचे असते.

तिकडचे अनुभवी मेकॅनिक गाडीला हात लावण्याआधी एक साधा प्रश्न विचारतात: हे काम नुसते बोल्टने होणार आहे, की पत्रा कापावा लागणार आहे? डिस्क ब्रेक, रेडिएटर, टायर, बऱ्याचदा इंजिनसुद्धा बोल्टने बसते. उद्या काढून पुन्हा जुने लावता येते. पण रुंद चाकांसाठी मागच्या कमानी कापल्या किंवा मोठ्या गिअरबॉक्ससाठी तळाचा पत्रा फाडला, की परतीचा रस्ता फार महाग पडतो. म्हणून अशा अनेक गॅरेजांच्या कोपऱ्यात लाकडी चौकटीवर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले एक जुने इंजिन ठेवलेले दिसते. त्यावरच्या क्रमांकाला तेल चोपडलेले असते. मालक नवे इंजिन घेऊन वुडवर्डवर फेऱ्या मारून येतो. पुढे कधी गाडी विकायची वेळ आली, तर जाहिरातीत शेवटी एक ओळ टाकतो: मूळ इंजिन सोबत मिळेल.