आधी अनुभव, मग कौल

गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागात मोटार आणणाऱ्याकडून पैसे घेण्याच्या पद्धतीला कोंडीशुल्क म्हणतात. रस्त्यावरची वाहने कमी व्हावीत आणि त्यासोबत हवाही सुधारावी, यासाठी वाहतूकतज्ज्ञ हा उपाय कित्येक दशके सुचवत आले आहेत. तो अडतो लोकमतापाशी. शुल्क ज्याच्या त्याच्या खिशातून आजच जाते, तर स्वच्छ हवेचा लाभ सगळ्यांत विभागला जातो आणि तो मिळेलच याची आधी कुणाला खात्री नसते. त्यामुळे विरोध करणारे संघटित असतात आणि ज्यांचे भले होणार ते गप्प राहतात. स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोममध्ये, हे चित्र काही महिन्यांत पालटले.

२००२ च्या निवडणुकीत तिथल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने कोंडीशुल्क आणणार नाही असे आश्वासन दिले होते. मात्र देशातले सरकार टिकवायला ग्रीन पक्षाचा पाठिंबा हवा होता आणि त्या पक्षाची अट नेमकी कोंडीशुल्क आणण्याची होती. शेवटी ठराविक मुदतीचा प्रयोग करायचा आणि मग नागरिकांचे मत घ्यायचे, अशी तडजोड झाली. प्रयोग सुरू होण्यापूर्वी दोन तृतीयांशांच्या आसपास लोक विरोधात होते.

शुल्काआधी बस आली. ऑगस्ट २००५ मध्ये सुमारे २०० नव्या बसगाड्या आणि १६ नवे मार्ग सुरू झाले. ३ जानेवारी २००६ पासून शहराच्या मध्यभागाभोवती १८ ठिकाणी कॅमेरे वाहनांच्या नंबरप्लेट टिपू लागले. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसहापर्यंत हद्द ओलांडताना, जाताना आणि येताना, वेळेनुसार १० ते २० क्रोनर द्यावे लागत. दिवसाची कमाल मर्यादा ६० क्रोनर होती. रात्री, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शुल्क नव्हते.

हद्द ओलांडणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. एवढ्याशा घटीने रांगेत वाया जाणारा वेळ मात्र ३० ते ५० टक्के वाचला. रस्त्याची क्षमता भरत आली की पुढचे प्रत्येक वाहन मागच्या सर्वांचा खोळंबा वाढवते, म्हणून थोडी वाहने कमी झाली तरी कोंडी झपाट्याने सुटते. मध्यवर्ती भागात वाहनांमुळे होणारे उत्सर्जनही सुमारे १४ टक्क्यांनी उतरले. पुढे झालेल्या अभ्यासात लहान मुलांना दम्याच्या तीव्र त्रासासाठी दवाखान्यात नेण्याचे प्रमाण कमी झालेले आढळले.

३१ जुलैला प्रयोग संपला आणि वाहने परतली. शुल्क असताना आणि नसताना रस्ता कसा दिसतो, हे स्टॉकहोमकरांना लागोपाठ पाहायला मिळाले. १७ सप्टेंबरच्या सार्वमतात, कोरी मते वगळता, शहरातील सुमारे ५३ टक्के मतदारांनी शुल्काच्या बाजूने कौल दिला. ज्या शेजारच्या नगरपालिकांनी स्वतंत्र मतदान घेतले, तिथे मात्र एकूण कल विरोधात गेला. त्याच दिवशीच्या निवडणुकीत सत्तेवर आलेल्या आघाडीने पूर्वी विरोध केला होता, तरी १ ऑगस्ट २००७ पासून तिनेच शुल्क कायम केले. उत्पन्न रस्तेबांधणीला देण्याचे ठरवल्याने मोटारचालकांचाही राग निवळला. पुढच्या काही वर्षांत पाठिंबा ७० टक्क्यांच्या घरात पोहोचला.

मत पालटण्याची कारणे संशोधकांनी तपासली आहेत. फायदा अपेक्षेपेक्षा जास्त जाणवला, हे एक. दुसरे, त्रास भीतीपेक्षा कमी निघाला, कारण बहुतेकांना शुल्क रोज भरावे लागतच नव्हते. कुणी फेरीची वेळ बदलली, कुणी दोन कामे एका फेरीत उरकली, कुणी बस धरली. हे बदल इतके सहज झाले की आपण काही बदलले आहे हेही अनेकांच्या लक्षात आले नाही.

अनुभवाआधीच कौल मागितला तर काय होते, ते स्कॉटलंडमधील एडिनबरा शहरात दिसले. फेब्रुवारी २००५ मध्ये तिथे प्रयोगाविनाच सार्वमत झाले आणि सुमारे ७४ टक्के मतदारांनी योजना फेटाळली. ती पुन्हा उभी राहिली नाही.

अर्थात निव्वळ अनुभव पुरतोच असेही नाही. स्वीडनच्याच गोथेनबर्गमध्ये २०१३ साली शुल्क लागू झाले आणि पुढच्या वर्षीच्या सार्वमतात सुमारे ५७ टक्के लोक विरोधात गेले. तिथे मुळात कोंडी स्टॉकहोमइतकी नव्हती, आणि उत्पन्न वादग्रस्त रेल्वे बोगद्यासह मोठ्या प्रकल्पांसाठी आधीच ठरलेले होते. त्यामुळे हा पैसे उभारण्यासाठीचा आणखी एक कर आहे, असे अनेकांना वाटले. सार्वमत बंधनकारक नसल्याने शुल्क चालू राहिले.

लंडनमध्ये वादाचा मुद्दा न्यायाचा होता. तिथे २००३ पासून मध्यवर्ती भागात कोंडीशुल्क आहे. जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या वाहनांवर २०१९ मध्ये वेगळे शुल्क आले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते संपूर्ण महानगराला लागू झाले. अशा वाहनाला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. उपनगरांत बस आणि रेल्वे विरळ, आणि जुनी गाडी सहसा कमी उत्पन्नाच्या घरात. त्यामुळे तिथे असंतोष उसळला, कॅमेरे फोडले गेले. विस्ताराच्या तोंडावरच जुनी गाडी मोडीत काढण्यासाठीचे अनुदान, कारसाठी कमाल दोन हजार पौंड, सर्व लंडनवासीयांना खुले करण्यात आले. शुल्काचा हा विस्तार करणारे महापौर सादिक खान मे २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले.

या शहरांचे अनुभव एकत्र पाहिले तर लोकांचा पाठिंबा चार गोष्टींवर ठरताना दिसतो. शुल्काआधी पर्यायी वाहतूक मिळणे, परिणाम स्वतः पाहता येणे, पैसा कुठे जातो ते पटणे, आणि ज्याला गाडी बदलणे परवडत नाही त्याचा विचार झालेला असणे.