प्रकाशही पडतो का?

मराठीत दगड पडतो आणि ऊनही पडतं. पण ऊन दगडासारखं पडतं का?

तुम्ही म्हणाल, प्रकाशाला वस्तुमान नाही, मग त्याला कोण ओढणार? शंका रास्त आहे. पण हवेचा अडथळा नसेल तर हातोडा आणि पीस बरोबरच खाली येतात. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हे करून दाखवलं. म्हणजे पडणं वस्तुमानावर अवलंबून नाही. मग प्रकाशालाच सूट का द्यायची?

प्रकाशही पडतो, आपल्याला जाणवत नाही इतकंच. सोडलेला दगड पहिल्या सेकंदात पाचेक मीटर खाली येतो, तेवढ्यात प्रकाश तीन लाख किलोमीटर निघून गेलेला असतो! त्याला वाकवायला सूर्यासारखं अवजड काही हवं. सूर्याच्या कडेने येणारा ताऱ्याचा प्रकाश वाकला, तर तारा किंचित सरकलेला दिसेल. पण सूर्याशेजारचे तारे दिसणार केव्हा? खग्रास ग्रहणातच.

१९११ मध्ये आइन्स्टाइन यांनी आकडा दिला: सुमारे ०.८३ विकला. विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. तो तपासायला १९१४ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रॉइंडलिश क्रिमियात गेले, तोच महायुद्ध पेटलं आणि रशियनांनी त्यांना अटक केली. निरीक्षण राहून गेलं. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांना कळलं, की सूर्याभोवतीचं अवकाशच वक्र आहे, ते हिशेबात धरायला हवं. नवा आकडा दुप्पट आला: १.७५ विकला.

२९ मे १९१९ च्या ग्रहणात एडिंग्टन प्रिन्सिपे बेटावर होते, दुसरी तुकडी ब्राझीलमध्ये सोब्रालला. तिथल्या एका दुर्बिणीची छायाचित्रं धूसर निघाली, तिचा आकडा कमी आला. त्यावर पुढे वादही झाले. पण स्पष्ट छायाचित्रांनी कौल दिला तो नव्या आकड्याच्या बाजूने. नंतरच्या रेडिओ दुर्बिणींच्या काटेकोर मोजमापांनी तो पक्का केला.

आता बघा, १९१४ चं निरीक्षण नीट पार पडलं असतं, तर आइन्स्टाइन चूक ठरले असते. तरी त्यांनी आकडा आधीच जाहीर केला होता. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला मोल वाटतं ते याचं. उद्या कुणी तुम्हाला मोठा सिद्धान्त सांगितला, तर एवढंच विचारा: काय दिसलं तर तुम्ही हा सोडून द्याल? उत्तर मिळालं नाही, तर समजा, अजून प्रकाश पडलेला नाही.