बारूददान : मापाचे भांडे

बंदुकीची दारू जवळ बाळगायची तर तीन गोष्टी साधाव्या लागत. ती कोरडी राहावी, ठिणगीपासून सुरक्षित असावी आणि बार भरताना मोजून निघावी. तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुकांच्या काळात, साधारण सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत, हे काम बारूददानाने केले.

सर्वांत सोपे बारूददान गुराच्या शिंगाचे. शिंग उकळून आतला गाभा काढायचा, बाहेरून खरवडायचे, रुंद तोंडाला लाकडी बूच ठोकायचे आणि टोकाला भोक पाडून नळी बसवायची. शिंगाला पाणी लागत नाही, त्यातून ठिणगी उडत नाही आणि ते वजनाला हलके असते. पातळ खरवडलेले शिंग उजेडासमोर धरले की आत दारू किती उरली तेही दिसते. उष्णतेने मऊ करून दाबले तर शिंग चपटे होते आणि कमरेला नीट बसते. जर्मन प्रदेशात हरणाच्या फाटे असलेल्या शिंगाची बारूददाने लोकप्रिय होती. त्यांच्या पुढच्या बाजूवर शिकारीची किंवा बायबलमधली दृश्ये कोरत आणि अंगाला लागणारी मागची बाजू बहुधा खडबडीत ठेवत. पायदळातील बंदूकधाऱ्यांकडे लाकडाची, चामडे किंवा मखमल चढवलेली तिकोनी बारूददाने असत.

खरी करामत नळीत असते. नळीच्या तोंडावर बोट ठेवून बारूददान उलटे करायचे आणि बुडाशी असलेली स्प्रिंगची झडप दाबायची. नळी भरली की झडप सोडायची. नळीत उरते ती एका बाराची दारू. ती बंदुकीच्या नळीत ओतून वर गोळी घालायची आणि गजाने ठासायची. आधीच्या बाराचा निखारा आत राहिला असेल तर ओततानाच भडका उडून हातातले बारूददान फुटण्याची भीती असे. म्हणून सावध माणूस दारू आधी वेगळ्या मापात काढून मग ओतत असे. बंदुकीच्या कानाशी घालायची बारीक दारू म्हणजे रंजक. तिच्यासाठी दुसरे लहान बारूददान असे.

भारतातली रंजकाची बारूददाने कलाकुसरीत युरोपीय नमुन्यांच्या तोडीची आहेत. सतराव्या शतकातील मुघल कारागिरांनी हस्तिदंताची वळणदार बारूददाने घडवली. त्यांच्या एका टोकाला बहुधा काळवीटासारख्या प्राण्याचे डोके, तर अंगावर एकमेकांत गुंतलेले प्राणी दिसतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत अशी बारूददाने आहेत. युरोपीय नमुन्यांसाठी लंडनचे वॉलेस कलेक्शन आणि लीड्सचे रॉयल आर्मरीज हे संग्रह महत्त्वाचे आहेत.

सैन्यात मोजलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली काडतुसे रूढ झाली, तसे बारूददान मागे पडले. 1857 मध्ये वादाला कारण ठरलेली एन्फिल्ड बंदुकीची काडतुसे कागदीच होती. शिकाऱ्यांनी मात्र बारूददान सोडले नाही. एकोणिसाव्या शतकात शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्ससारख्या कारखान्यांनी तांब्या-पितळेच्या पत्र्याचे दोन अर्धे साच्यात दाबून, सांधा डाखून बारूददाने तयार केली. त्यांच्या नळीवर ड्रॅमच्या खुणा असत आणि नळी सरकवून माप कमी-जास्त करता येई. अडीच ड्रॅम म्हणजे सुमारे 4.4 ग्रॅम.

जुन्या नमुन्यात आधी पाहायची ती नळी, झडप आणि टांगण्याच्या कड्या, कारण हेच भाग मोडतात आणि बदलले जातात. धातूच्या बारूददानाचा सांधा आणि माथ्यावरचा कारखान्याचा ठसाही तपासतात, कारण नकलाही पुष्कळ बनल्या आहेत. आत दारू उरली नाही ना, हेही पाहावे लागते. कोरडी राहिलेली काळी दारू शतकानंतरही पेटू शकते.

मागून भरायच्या बंदुका आणि धातूची काडतुसे आल्यावर शिकाऱ्यालाही दारू मोजण्याचे कारण उरले नाही. ते काम कारखान्याकडे गेले. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. त्यांत प्रत्येक बाराची दारू आधीच मोजून भरलेली असते.