ठिणगी सांगते पोलादाची जात

एमआयडीसीची पहिली वसाहत म्हणजे ठाण्याची वागळे इस्टेट. तिथल्या जॉबवर्कच्या गाळ्यांत भिंतीला टेकवलेले काळे राउंड बार दिसायला सगळे सारखेच. फरक असतो तो टक्क्याच्याही आतल्या कार्बनचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

जुने टर्नर तो ठिणगीवरून ओळखतात. बारचं टोक ग्राइंडरला लावलं की एमएसच्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, ठिणग्या लांब, सरळ रेघांनी जातात. कार्बन वाढत जातो तशा त्या आखूड होतात आणि फुलबाजीसारख्या फुटू लागतात. नेमका आकडा मात्र लॅबच देते.

एमएसमध्ये कार्बन साधारण पाव टक्क्याच्या आत. ते सहज वाकतं, वेल्ड होतं, म्हणून ग्रिल आणि गेटला तेच. लालबुंद करून पाण्यात बुडवलं तरी फारसं कडक होत नाही. ईएन ८ या ग्रेडमध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास. त्याला पाणी देता येतं, म्हणजे तापवून बुडवून कडक करता येतं, म्हणून शाफ्ट, पिन, बोल्ट त्याचे. ०.६ च्या पुढे छिन्नी आणि स्प्रिंग.

‘जितकं कडक तितकं चांगलं’ हा समज मला धोक्याचा वाटतो. कडकपणा वाढतो तसा चिवटपणा जातो. ईएन ८ चा तुटलेला शाफ्ट न तापवता वेल्ड केला, तर जोडाशेजारचा भाग झटकन निवून ठिसूळ होतो आणि पुढे तिथेच तडा जातो. आधी तापवावं, मग सावकाश निवू द्यावं. घाईच्या कामात नेमकं हेच राहून जातं.

कल्याण-डोंबिवलीत उभ्या राहणाऱ्या टॉवरांच्या सळईलाही हाच नियम. आयएस १७८६ या सळईच्या मानकाप्रमाणे एफई ५०० ग्रेडमध्ये कार्बन ०.३० टक्क्यापर्यंत चालतो, ५००डी मध्ये ०.२५ पर्यंतच. नावातला ताकदीचा आकडा दोघींचा एकच, पण तुटण्याआधी पहिली किमान १२ टक्के ताणली गेली पाहिजे, दुसरी १६. भूकंपात हे जास्तीचं ताणलं जाणं माणसांना बाहेर पडायला वेळ देतो. फ्लॅट घेताना टाइल्सआधी सळईचं टेस्ट सर्टिफिकेट मागावं.

ब्राइट बारची गोष्ट थोडी वेगळी. काळा बार थंड असतानाच डायमधून ओढला की माप नेमकं येतं, ताकदही वाढते, पण ओढण्याचा ताण आत राहतो. एका बाजूने की-वे, म्हणजे चावीची खाच, काढली की सरळ शाफ्ट वाकू शकतो.

गाळ्यात माल सरमिसळ होऊ नये म्हणून बारच्या एका टोकाला ग्रेडप्रमाणे रंग लावतात. तुकडा कापायचा तो दुसऱ्या टोकाकडून. नाहीतर उरलेल्या बारची ओळख तुकड्याबरोबरच निघून जाते.