पहिल्या लांब ट्रायथ्लॉनची तयारी

"पुढच्या हिंवाळ्यांत मी ट्रायथ्लॉनमध्यें उतरणार आहें," असें घरांतील एखादा मुलगा, आणि हल्लीं एखादी सूनहि, जेवतां जेवतां सांगून टाकते. मग पानावर बसलेल्या मंडळींत दोन प्रश्न निघतात. काका विचारतात, ती सायकल केवढ्याला? आजी विचारतात, पोहतांना कांहीं झालें तर? काकांचें समाधान करणें सोपें आहे. पहिल्या स्पर्धेस आपल्या उंचीस बसणारी, नीट तेलपाणी केलेली साधी सायकल पुरते. आजींचा प्रश्न मात्र हंसण्यावारी नेऊं नये, असें आम्हांस वाटतें.

पोहणें, सायकल चालविणें आणि धांवणें ह्या तिन्ही गोष्टी लागोपाठ करणें म्हणजे ट्रायथ्लॉन. अधिक कणखर कोण, पोहणारा, सायकलवाला कीं धांवणारा, अशा एका वादांतून तिचा लांब पल्ल्याचा प्रकार जन्मास आला. अमेरिकन नौदलांतील अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांच्या पत्नी ज्यूडी ह्यांनीं १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं हवाईमधील ओआहू बेटावर स्थानिक शर्यतींचे पल्ले एकत्र जोडले: ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल व ४२.२ किलोमीटर धांवणें. १५ जण उतरले, १२ जणांनीं शर्यत पुरी केली, आणि गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या सोबत्यांजवळचें पाणी संपलें, तेव्हां त्यांनीं त्यास बिअर पाजली, अशी हकीकत सांगतात! पुढें २०१५ सालीं मिलिंद सोमण ह्यांनीं पन्नाशीच्या उंबरठ्यावर झ्यूरिच येथें हाच पूर्ण पल्ला गांठला.

नवख्यानें ह्याच्या निम्म्यापासून, म्हणजे १.९, ९० व २१.१ किलोमीटरांपासून, आरंभ करावा. ह्या पल्ल्याची आयर्नमन स्पर्धा २०१९ च्या ऑक्टोबरांत पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली, आणि त्यासाठीं परदेशीं जाण्याची गरज उरली नाहीं.

आतां आजींच्या प्रश्नाकडे वळूं. अमेरिकेंतील १९८५ ते २०१६ ह्या काळांतील स्पर्धांचा डॉक्टरांनीं अभ्यास केला. मृत्यु किंवा हृदय बंद पडण्याचे १३५ प्रसंग त्यांस आढळले; पैकीं ९० पोहतांना घडले होते. लक्षावधि स्पर्धकांच्या मानानें हा आंकडा अल्प आहे. परंतु त्यांत पुरुषांची, विशेषतः प्रौढांची, संख्या फार मोठी होती. म्हणून चाळिशीपुढील गृहस्थांनीं हृदयाची तपासणी करून घेतल्यावांचून प्रवेशशुल्क भरूं नये. ज्या घरांत हृदयविकाराचा इतिहास आहे, तेथें तरुणांनींहि ही गोष्ट टाळूं नये.

तलावांत शंभर फेऱ्या मारणारा मनुष्यहि समुद्रांत गडबडतो, ह्याचें कारण उघड आहे. तेथें धरावयास भिंत नसते, तळ दिसत नाहीं, शेजाऱ्याचा पाय तोंडावर बसतो आणि श्वास चुकतो. तेव्हां स्पर्धेपूर्वीं कित्येक वेळां उघड्या पाण्यांत पोहून पाहिलेंच पाहिजे. मात्र एकट्यानें कदापि नव्हे. सोबती, भडक रंगाची टोपी आणि कमरेस बांधलेला तरंगता फुगा हवाच. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात. तेथें एखादा छोटा पल्ला पोहून आल्यास पुष्कळ भीड चेपते. कांहीं हात मारल्यावर मान वर करून दिशा पाहण्याची संवयहि आधींच लावावी. स्पर्धेत दम लागल्यास रक्षकाची नाव धरून विसांवा घेतां येतो; नावेनें पुढें ओढून नेलें नाहीं म्हणजे झालें. हा नियम आजींस अवश्य सांगावा.

सायकल व धांवणें ह्यांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. आठवड्यास आठ ते दहा तास, असे सहा-आठ महिने द्यावे. बहुतेक व्यायाम सोबत्याशीं बोलतां येईल इतक्या सावकाश गतीनें करावा. तीन आठवडे चढत्या श्रमाचे झाले कीं चौथा हलका ठेवावा. अधूनमधून सायकलवरून उतरतांच धांवावें. प्रथम पाय परक्याचे वाटतात, मग सरावतात. शेवटचे दोन आठवडे श्रम कमी करावे.

स्वयंपाकघराची बाजू अधिक महत्त्वाची आहे. शरीरांत सांठलेली साखर नेटाच्या श्रमांत दोन-तीन तासांत आटोपते; म्हणून सायकलवर दर तासास सुमारें ६० ग्रॅम पिष्ट वा साखर पोटांत गेली पाहिजे. मध्यम केळ्यांत साधारण २५ ग्रॅम मिळते. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, गूळपोळी, राजगिऱ्याचे लाडू ह्यांवर काम भागतें. पण कोणताहि पदार्थ सरावांत पचवून पाहिल्याशिवाय स्पर्धेच्या दिवशीं खाऊं नये. एकादशी लांब फेरीच्या दिवशीं आली, तर फेरीच दुसऱ्या दिवशीं करावी. निराहार पोटीं घाट चढण्यांत पुण्य नाहीं. आणि "पाणी पी, पाणी पी" हा घरच्यांचा आग्रह आवरावा. तहानेपलीकडे पाणी ढोसल्यास रक्तांतील सोडियम घटून भ्रम, झटके, प्रसंगीं मृत्युहि ओढवतो.

आणखी एक अवघड प्रश्न आहे. मुलगा पहांटे चारला सायकल घेऊन निघाला तर घर कौतुक करतें. सून निघाली तर सकाळचा चहा कोणीं करावयाचा ह्यावर कुजबुज सुरू होते. रविवारीं अकरापर्यंत माणूस घरीं नाहीं, पाहुणे आले तरी नाहीं, हें महिनोन् महिने चालावयाचें असतें. ह्याची वांटणी नांव नोंदविण्यापूर्वींच सर्वांसमक्ष व्हावी. एकत्र कुटुंबांत चार हात जास्त असतात. ते सुनेच्या वांट्यासहि यावे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

स्पर्धेच्या दिवशीं घरच्यांनीं पोहण्यानंतर सायकल घेण्याची जागा असते तिच्या बाहेर, कुंपणाशीं उभें राहावें. स्पर्धक जवळून दिसतो तो तेथेंच. हांका खुशाल माराव्या. मात्र कितीहि जीव तुटला तरी आईनें लाडू पुढें करूं नये. बाहेरची मदत घेतल्यास दंड होतो, कधीं स्पर्धकाचें नांवहि बाद होतें. लाडवांचा डबा घेऊन कोणी तरी शेवटच्या रेषेपलीकडे थांबावें.