डेनिस लॉ यांनी युनायटेडला बुडवलं नाही

मँचेस्टर युनायटेडच्या मराठी चाहत्यांमध्ये खेळाडूंच्या निष्ठेवरून वाद पेटला की कुणी ना कुणी डेनिस लॉ यांचं नाव काढतोच. ज्या क्लबसाठी अकरा वर्षं घाम गाळला, त्याच क्लबला लॉ यांनी मँचेस्टर सिटीकडून खेळताना टाचेनं गोल मारून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ढकललं, ही ती गोष्ट. कुणी ती गद्दारी म्हणून सांगतो, कुणी नियतीचा खेळ म्हणून. १७ जानेवारी २०२५ रोजी लॉ गेले, तेव्हाही तीच पुन्हा ऐकायला मिळाली. गोष्ट चटका लावणारी आहे खरी, पण ती खोटी आहे आणि पाच मिनिटं गुणतालिका पाहिली तरी तिचा खोटेपणा कळतो. ती पाहायचे कष्ट कुणी घेत नाही, याचाच राग येतो.

ही गोष्ट १९७४ ची. तेव्हा विजयाला दोन गुण मिळत आणि बरोबरीला एक. पहिल्या डिव्हिजनमध्ये २२ संघ होते आणि १९७३-७४ च्या हंगामापासून तळाचे दोनऐवजी तीन संघ खाली जाणार होते. २७ एप्रिल १९७४ रोजी सिटीचा संघ युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर आला, तेव्हा युनायटेडचे ३२ गुण होते आणि दोन सामने उरले होते: एक हा आणि दुसरा स्टोकविरुद्ध. दोन्ही जिंकले असते तरी बेरीज ३६. आता त्याच दुपारी बर्मिंगहॅममध्ये काय झालं ते बघा. बर्मिंगहॅम सिटीचा तो हंगामातला शेवटचा सामना होता, त्यांनी नॉर्विचला २-१ असं हरवलं आणि त्यांचे ३७ गुण झाले. साउदॅम्प्टननं एव्हर्टनला ३-० नं हरवून ३६ गुण गाठले, तरी तेही खाली गेले.

म्हणजे लॉ यांनी तो चेंडू सोडून दिला असता, सामना ०-० सुटला असता, तरी युनायटेड खालीच जाणार होतं. युनायटेडनं सिटीला पाच गोलांनी चोपलं असतं तरीही खालीच. बर्मिंगहॅमचे गुण हुकणं एवढी एकच आशा होती, आणि त्यात लॉ यांचा काडीचाही संबंध नव्हता. ज्या संघाला ४२ सामन्यांत फक्त ३८ गोल करता आले आणि जो २० सामने हरला, त्याच्या घसरणीचं खापर एका टाचेवर फोडायचं?

गैरसमज टिकला तो त्या दृश्यामुळे. सामना संपायला दहाएक मिनिटं होती. फ्रान्सिस लीकडून चेंडू आला तेव्हा लॉ यांची पाठ गोलकडे होती. त्यांनी टाचेनं चेंडू मागे ढकलला आणि तो गोलरक्षक अॅलेक्स स्टेप्नीला चकवून जाळ्यात गेला. सहकारी धावत आले, पाठीवर थापा पडल्या. लॉ यांचे हात मात्र खालीच राहिले, चेहरा उतरलेला. लगेच त्यांना बाहेर बोलावण्यात आलं. मग प्रेक्षक मैदानात घुसले, सामना वेळेआधी थांबवावा लागला आणि लीगनं १-० हाच निकाल कायम ठेवला. चित्रफितीत एवढंच दिसतं, बर्मिंगहॅमचा निकाल दिसत नाही. शिवाय मैदानावरच्या लॉ यांनाही त्या क्षणी तो ठाऊक नव्हता, त्यामुळे त्यांचा चेहरा पाहून लोकांनी निष्कर्ष काढून टाकला.

‘लॉ युनायटेड सोडून सिटीला गेले’, हे दुसरं लाडकं वाक्य. ते गेले नाहीत, त्यांना जायला लावलं. ४०४ सामन्यांत २३७ गोल केलेला, १९६४ मध्ये बॅलन डी’ओर जिंकलेला हा खेळाडू. आजवर तो मान मिळवणारा एकमेव स्कॉटिश. १९७३ च्या उन्हाळ्यात व्यवस्थापक टॉमी डॉकर्टी यांनी त्यांना मोफत मोकळं केलं. ही बातमी आपल्याला अॅबर्डीनमध्ये टीव्हीवरून कळली, असं खुद्द लॉ यांनी सांगून ठेवलं आहे. सिटी हा काही त्यांच्यासाठी परका संघ नव्हता; १९६० मध्ये हडर्सफील्डहून ते तिथेच आले होते, तिथून इटलीत तोरिनोला आणि १९६२ मध्ये युनायटेडला.

गोल करून जल्लोष न करणारा माणूस मनानं मऊ, असंही काही जण म्हणतात. लॉ यांच्याबाबतीत तरी हे कुणी म्हणू नये. १९६६ चा विश्वचषक अंतिम सामना इंग्लंड खेळत होतं म्हणून हा स्कॉटिश माणूस त्या दिवशी गोल्फ खेळायला गेला. पुढच्याच वर्षी वेम्बलीवर त्याच जगज्जेत्या इंग्लंडला स्कॉटलंडनं ३-२ नं हरवलं, आणि पहिला गोल लॉ यांचाच होता. प्रतिस्पर्ध्याला खिजवायची खुमखुमी त्यांच्यात पुरेपूर होती. ओल्ड ट्रॅफर्डवर समोर होती ती त्यांची स्वतःची माणसं.

‘पूर्वीचे खेळाडू निष्ठावान, आताचे पैशाचे’, निष्ठेच्या वादातलं हे वाक्य तर ऐकून ऐकून पाठ झालंय. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत आठवड्याला २० पौंडांच्या वर पगार देता येत नसे. करार संपला तरी नोंदणी क्लबच्याच ताब्यात राही आणि क्लबच्या परवानगीशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे. एका क्लबशी जन्मभर निष्ठा म्हणून ज्या टॉम फिनी यांचं नाव घेतात, त्यांना १९५२ मध्ये इटलीतल्या पालेर्मोनं घसघशीत पैसे देऊ केले होते. त्यांच्या प्रेस्टन क्लबनं त्यांना जाऊच दिलं नाही. फिनी यांचं प्रेस्टनवरचं प्रेम खरंच होतं, पण दार बाहेरून बंद होतं हेही तितकंच खरं. १९६३ मध्ये खेळाडू जॉर्ज ईस्टहॅम यांच्या खटल्यात न्यायालयानं ही पद्धत अन्यायकारक ठरवली, तेव्हा कुठे ते किलकिलं झालं.

गद्दारीचा विषय निघाला की लुईस फिगोचंही नाव येतं. त्याला बार्सिलोनानं विकलं नव्हतं. २००० मध्ये रेआल माद्रिदनं करारातली ठरलेली रक्कम भरून त्याला नेलं. बार्सिलोनाच्या मैदानात त्याच्या दिशेनं डुकराचं मुंडकं फेकलं गेलं, ते रेआलकडून तो पहिल्यांदा तिथे परतला तेव्हा नाही, तर २००२ मध्ये. आणि बार्सिलोनाचे जे चाहते त्याला गद्दार म्हणत होते, ते १९९६ मध्ये रेआलमधून थेट आपल्याकडे आलेल्या लुईस एन्रिकेला डोक्यावर घेत होते.

राहता राहिलं एक वाक्य: ‘युनायटेडच्या चाहत्यांनी शेवटी लॉ यांना माफ केलं.’ ओल्ड ट्रॅफर्डसमोर २००८ मध्ये जॉर्ज बेस्ट, लॉ आणि बॉबी चार्लटन यांचा एकत्र पुतळा उभारला गेला, तो माफी म्हणून नव्हे. माफ करावं असं लॉ यांनी काही केलंच नव्हतं.