हृदयाची लहर आणि मापांची संख्या

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी जतन केलेल्या आहेत. रोग्याच्या डोळ्यांचे चित्र काढावयाचे आणि सोबत विकाराचे वर्णन व केलेले उपचार लिहावयाचे, अशी ती पद्धत होती. डोळ्याचा विकार चित्रकारासाठी थांबून राहतो. हृदय मात्र थांबत नाही. ते सेकंदाला एकदा किंवा त्याहून थोडे अधिक वेळा आकुंचन पावते आणि त्या वेळची विद्युत्-लहर पापणी लवण्याआधीच सरते. तिची विश्वासार्ह नोंद कशी घ्यावी?

डच शास्त्रज्ञ व्हिलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चांदीचा मुलामा दिलेल्या अतिसूक्ष्म तंतूच्या साहाय्याने ही लहर टिपली. या कार्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या यंत्रात रेषा अखंड उमटत असे. आजचे अंकीय यंत्र ठराविक अंतराने विद्युत्-दाब मोजते आणि ते आकडे साठविते. एका सेकंदात घेतलेल्या मापांच्या संख्येस नमुना-वेग म्हणतात.

आता एक साधे गणित पाहू. हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या, म्हणजे निलयांच्या, आकुंचनाआधी उमटणारी टोकदार लहर निरोगी माणसात सुमारे ०.०८ सेकंद टिकते. सेकंदाला १०० मापे घेतल्यास तिच्या वाट्याला अवघी ८ येतात. ५०० घेतल्यास ४०. मापे विरळ असली की लहरीचे खरे शिखर दोन मापांच्या मध्ये निसटते. मग उंची कमी भरते आणि शिखराची वेळ ५ सहस्रांश सेकंदापर्यंत चुकते. ५०० मापांत हीच चूक १ सहस्रांशाच्या आत राहते. दोन ठोक्यांमधील अंतराचे सूक्ष्म चढउतार अभ्यासणाऱ्या वैद्याला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

विरळ मापनाचा दुसरा दोष अधिक फसवा होय. मूळ लहर आकड्यांवरून पुन्हा उभी करावयाची, तर तिच्यातील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेगाने मापे घ्यावी लागतात. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली हा सिद्धांत मांडला. तो मोडल्यास आलेखात नसलेली लहर दिसू लागते. आपल्या वीजपुरवठ्याची कंपने सेकंदाला ५० असतात. सेकंदाला ६० मापे घेणाऱ्या यंत्रात ती शिरली, तर १० कंपनांची खोटी लहर उमटेल. पुढे ती खऱ्या लहरीपासून वेगळी करता येत नाही. म्हणून अतिजलद कंपने मापनापूर्वीच गाळावी लागतात.

नमुना-वेग वाढविला की साठवावयाचे आकडे वाढतात आणि अंगावर बाळगण्याच्या यंत्राची बॅटरी लवकर संपते. त्यामुळे कामानुसार वेग ठरवितात. रोगनिदानाच्या आलेखास सेकंदाला निदान ५०० मापे असावीत, अशी अमेरिकन हार्ट असोसिएशनची शिफारस आहे. केवळ ठोके मोजण्यास याहून कमी पुरतात. याउलट पेसमेकरचा विद्युत्-स्पंद सुमारे अर्धा सहस्रांश सेकंदच टिकतो. तो ५०० मापांतूनही निसटू शकतो, म्हणून यंत्रात त्याच्यासाठी स्वतंत्र योजना करतात.

पडद्यावरील रेषा सलग दिसते, पण दोन मापांमधील भाग यंत्राने जोडलेला असतो. म्हणून आलेखावरून निदान करण्यापूर्वी तो किती मापांवर उभा आहे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.